घरात येणारी बातमी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी 'प्रसारमाध्यमे आणि आपले दैनंदिन जीवन' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला होता. विषय मोठा, वक्ता लहान आणि वेळ त्याहून लहान, हे कारण होतेच. परंतु खरे कारण निराळे होते आणि ते भाषणाच्या ओघात आपणांपुढे ठेवावेच लागणार आहे. मंडळाच्या मुखपत्राचे संपादन आम्ही सव्वीस वर्षे केले. "त्या नात्याने तुम्हीच बोलले पाहिजे," असा चिटणिसांचा आग्रह पडला, आणि नेमक्या त्याच नात्याने बोलण्याचा आम्हांस संकोच वाटत होता. तथापि आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे मुखपत्राची छपाई बंद करून यापुढील सर्व वृत्त मोबाइलवरील गटातूनच द्यावे, असा ठराव यावयाचा आहे. अशा दिवशी गप्प बसणे बरे नव्हे, म्हणून उभे राहिलो आहोत.

आमचे बालपण साताऱ्यास एका वाड्यात गेले. वाड्यात सात बिऱ्हाडे आणि वर्तमानपत्र एक. ते पुण्याहून एस.टी.ने येई, मालकांच्या ओसरीवर प्रथम उघडले जाई आणि मग बिऱ्हाडाच्या क्रमाने फिरत फिरत आमच्याकडे दुपारी पोहोचे. तोवर त्याच्या घड्या मोडलेल्या असत आणि शब्दकोडे कोणीतरी सोडवून टाकलेले असे. आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. जेवणीखाणी आटोपली म्हणजे ती तांदूळ निवडावयास बसे आणि आम्हांस म्हणे, "वाच रे, काय काय झालंय ते." आम्ही मोठ्या ऐटीत वाचू लागलो की ती मध्येच विचारी, "हे कोणी सांगितलं?" आम्ही म्हणत असू, "छापलं आहे." त्यावर तिचा दुसरा प्रश्न ठरलेला असे, "अरे, पण छापणाराला कोणी सांगितलं?" त्या वयात आम्हांस या प्रश्नाचा भारी राग येई. वाचनाचा रंग मोडे ना! पुढे मुखपत्राचे काम अंगावर आले तेव्हा त्या निरक्षर बाईने आम्हांस संपादनाचा पहिला धडा दिला होता, हे ध्यानात आले.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगण्याचे हे स्थळ नव्हे. आचार्य बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, हे आपली शाळेतील मुलेसुद्धा जाणतात. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते त्यानंतरच्या एका गोष्टीकडे. ज्यांचे म्हणणे इतरांच्या पत्रांत येत नव्हते, त्यांनी वेळोवेळी आपली स्वतःची पत्रे काढली. कृष्णराव भालेकरांचे 'दीनबंधु' १८७७ चे, त्यांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' काढले आणि ते शहरातून नव्हे, तर नगर जिल्ह्यातील खेड्यात बसून चालविले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चे. निरनिराळ्या ज्ञातींच्या संस्थांनी मासिके आणि मुखपत्रे काढली, ती या मोठ्या प्रयत्नांच्या पंक्तीस बसणारी नव्हेत, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. परंतु एका लहान गरजेतून तीही निघाली. आपला मुलगा मॅट्रिक झाला, आपल्या मुलीचे जमवावयाचे आहे, आपले वडील गेले, या गोष्टी दैनिकाच्या दृष्टीने बातम्या नव्हेत. त्या आपल्याच माणसांना सांगावयाच्या असतात. त्यासाठी आठ-बारा पानांचा एक अंक पुरे.

तो अंक कसा निघे हे नव्या पिढीस ठाऊक नसेल. खिळे जुळविणारे जुळारी होते तोवर एखादे आडनाव चुकले म्हणजे ते दुरुस्त करण्यास छापखान्यात तास दोन तास बसावे लागे, आणि आपल्या ज्ञातीत आडनावे थोडी व नावे त्याहून थोडी, त्यामुळे 'कोणाचे कोण' हे लिहिल्यावाचून एकही मजकूर पुरा होत नसे. अंक छापून आला की मंडळाच्या कार्यालयात चौघेजण सतरंजीवर बसून घड्या घालीत, पत्त्यांच्या पट्ट्या डकवीत आणि हातगाडीवरून गठ्ठे पोस्टात नेत. शाई वाळली नसेल तर सर्वांच्या बोटांवर कोणाच्या तरी शुभविवाहाची वार्ता उमटलेली असे.

आता ज्या एका ओळीविषयी आम्ही बोलावयास उभे राहिलो, तिच्याकडे येतो. कोणत्याही वृत्तपत्राचे शेवटचे पान पाहा. अगदी तळाशी, बारीक टायपात, कोणी सहसा न वाचलेली एक ओळ असते : हे पत्र अमुक यांनी अमुक मुद्रणालयात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. ती ओळ कोणाच्या हौसेने आलेली नाही. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक केले. पुढे वृत्तपत्रावर संपादकाचे नावही आवश्यक झाले. त्या जुन्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला. इंग्रज सरकारने ती ओळ घातली ती आपल्या सोयीसाठी. कोणास पकडावयाचे हे कळावे, एवढाच त्यात हेतू असणार. परंतु तिचा एक निराळा उपयोग झाला. छापलेल्या प्रत्येक वाक्याखाली कोणीतरी आपले नाव घालून उभा आहे, असे वाचणारास धरून चालता येऊ लागले. आणि ज्याचे नाव तेथे आहे त्याची झोप थोडी कमी झाली.

आमची झोप एकदा कशी गेली ते सांगतो. एका महिन्यात अंकाचा मजकूर छापखान्यात जावयाच्या आदल्या दिवशी एक पोस्टकार्ड आले. आपल्या एका ज्ञातिबंधूंच्या निधनाचे वृत्त त्यात होते. तिथी, वार, पश्चात असलेला परिवार, सर्व काही यथास्थित. परंतु अक्षर त्या घरातील कोणाचे नव्हते आणि खाली सही नव्हती. जागा रिकामी ठेवून आम्ही उलट टपाली पत्र पाठविले. आठवड्याने उत्तर आले ते स्वतः 'दिवंगत' गृहस्थांचे! भाऊबंदकीतील जमिनीच्या वादातून कोणीतरी त्यांस कागदोपत्री स्वर्गवासी केले होते. त्या दिवसापासून घरच्या माणसाची सही असल्यावाचून निधनवार्ता छापावयाची नाही, असा नियम आम्ही केला आणि सव्वीस वर्षे पाळला. त्यापायी पुष्कळांचा रोषही पत्करला.

हे सांगताना मुखपत्राची थोरवी गाण्याचा आमचा उद्देश नाही. आमच्या हातून जे झाले नाही तेही येथेच सांगितले पाहिजे. परवा जुने अंक चाळीत असता आम्हांस लाज वाटली. वधूवर सूचक सदरात मुलीच्या उंचीच्या आधी तिचा रंग छापलेला. गुणवंतांच्या यादीत गुण अधिक असूनही मुलींची नावे मुलांच्या खाली. आणि निधनवार्तांत कित्येक स्त्रियांचे स्वतःचे नावच नाही, केवळ 'यांच्या सुविद्य पत्नी' किंवा 'यांच्या मातोश्री'. ज्या बाईने साठ वर्षे एक घर चालविले तिचे नाव विचारावयास आम्हांस एक पोस्टकार्ड जड झाले! शेवटच्या पानावर आमचे नाव होते म्हणून हा दोषही आमचाच. आज तो कोणाकडे ढकलता येत नाही, हा त्या ओळीचा आणखी एक गुण म्हणावयाचा.

नभोवाणीचा काळ मात्र आम्हांस अजून गोड वाटतो. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि पुढच्या वर्षी वाड्याच्या मालकांनी रेडिओ आणला. त्याचे परवानापुस्तक पोस्टात नेऊन दर वर्षी पैसे भरावे लागत. संच सुरू केला की आत दिवा लागे, परंतु तो तापून आवाज येईपर्यंत सर्वजण श्वास रोधून बसत. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' त्या केंद्रावरून सुरू झाले आणि पुढे वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. त्या वेळी आमच्या वाड्यातील बायका रेडिओपुढे उदबत्ती लावीत. मालक म्हणत, "अहो, धुराने संच बिघडेल." कोणी ऐकत नसे. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सात बिऱ्हाडांतील सर्व माणसे एका ओसरीवर दाटीने बसत, आणि गाणे संपल्यावर लगेच उठत नसत. कैकेयीचे चुकले की दशरथाचे, यावर अर्धा तास वाद चाले. यंत्र बोलून गप्प होई आणि मग माणसे बोलू लागत.

दूरचित्रवाणीने हा क्रम उलट केला, असे आमचे मत आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्याकडे चित्र यावयास पुढे बरीच वर्षे लागली. आरंभी तीच दाटी, तोच उत्साह. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' मालिका दिसू लागली, तेव्हा आपल्या मंडळाच्या सभेची काय गत झाली हे इतिवृत्ताच्या वहीत नमूद आहे. रविवारी सकाळी साडेनऊला बोलाविलेली सभा गणसंख्येअभावी तहकूब, आणि त्यानंतरच्या सर्व सभा 'सकाळी अकरा वाजता'! कोणी ठराव मांडला नाही, कोणी अनुमोदन दिले नाही. सभेची वेळ आपोआप बदलली. माध्यमांचा परिणाम म्हणून जो काही म्हणतात तो बहुधा असाच असतो. तो व्याख्यानांत सापडत नाही. जेवणाची वेळ, पाहुण्याने यावयाची वेळ, मुलांना रागवावयाचा आवाज, यांत तो सापडतो.

१९९२ नंतर खाजगी वाहिन्या आल्या, मग मराठी वाहिन्या आल्या, आणि संध्याकाळचे तास एकेका मालिकेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. हळदीकुंकवास आलेल्या सुवासिनी जाहिराती लागल्या तेवढ्यात वाण घेऊन जाऊ लागल्या. त्या मालिकांची निंदा करण्याची एक पद्धत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. दिवसभर राबलेल्या बाईने अर्धा तास दुसऱ्याच्या सासूचा राग करून घेतला तर त्यात समाजाचे काही बुडत नाही. आम्हांस खंत वाटते ती एवढीच की घरोघर संच झाल्यावर ओसरीवरचा तो अर्ध्या तासाचा वाद गेला.

या सर्व यंत्रांपूर्वी माणसे फार विवेकी होती आणि मोबाइलने ती बिघडली, असाही एक समज वयोवृद्धांत दिसतो. आम्ही वयोवृद्ध असूनही त्यास सहमत नाही. २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवा. गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा कोणाच्या खिशात मोबाइल होता? घरचे टेलिफोन आणि दूरचित्रवाणी यांनीच ते काम केले. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते मूर्तीवरून खाली कसे ओघळते हे दाखविले. परंतु तोपर्यंत आमच्या गल्लीतील दूध संपले होते. त्या रांगेत आम्हीही होतो, हे सांगून टाकतो. चमचा पुढे केला, दूध कमी झालेले पाहिले आणि घरी येऊन सांगितले. आजी तेव्हा हयात नव्हती. असती तर तिने विचारलेच असते.

मोबाइलने आपले भले केले नाही असे कोणी म्हणेल तर तो कृतघ्न ठरेल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला तेव्हा आपली कोणती कुटुंबे कोणत्या मजल्यावर अडकली आहेत, कोणास औषध हवे आहे, हे गटातूनच कळले. २०२० च्या टाळेबंदीत मुखपत्राचा अंक छापून पोस्टात टाकणे अशक्य झाले असता चिटणिसांनी एकेका घराची विचारपूस त्याच गटातून केली. परदेशी असलेल्या मुलाने वडिलांच्या अंत्यसंस्काराचे दर्शन चार इंची काचेवर घेतले. ते पाहून आम्हांस गहिवरून आले होते. पूर्वी तार येई, आणि तारवाल्याची सायकल दारात थांबली की मजकूर वाचण्यापूर्वीच घरात रडणे सुरू होई. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळू नयेत.

मग आमचे म्हणणे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची, भिक्षेवर फिरणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशा मजकुराचे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून सर्वत्र जात होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. त्या पाचजणांविषयी जे फिरत होते ते त्यांस कोणी दाखविलेही नसेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप चालविणाऱ्या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. ज्याने पहिला संदेश लिहिला तो कोण, हे कोणी सांगू शकेल काय? आणि ज्यांनी तो पुढे पाठविला त्यांपैकी कोणीही 'हे माझ्या नावावर आहे' असे समजला नसेल. प्रत्येकास वाटले असेल, आपण केवळ सांगितले. प्रत्येकाचा हेतू कदाचित आपल्या लेकराच्या काळजीचाच असेल. शेवटच्या पानावरील ती ओळ तेवढी नव्हती.

एवढ्या भयंकर घटनेशेजारी आमची हकीकत ठेवणे योग्य नव्हे. परंतु आरंभी ज्या कारणाचा उल्लेख केला ते हेच, आणि आपणांस ते आमच्या तोंडून कळलेले बरे.

गेल्या पौषात एके दिवशी सकाळी चहा घेताना आम्ही गटात वाचले की, आपले एक ज्येष्ठ सभासद रात्री निवर्तले. नाव, आडनाव, गाव, सर्व बरोबर. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे बरेच संदेश आलेले होते. आम्हांस अत्यंत वाईट वाटले आणि त्या वाटण्याच्या भरात आम्ही तो मजकूर आणखी तीन गटांत पाठविला. त्यांपैकी एक त्यांच्या माहेरच्या मंडळींचा होता. चहा निवण्यापूर्वी हे सर्व झाले. सव्वीस वर्षे सहीवाचून निधनवार्ता न छापणाऱ्या माणसाने कोणासही टेलिफोन केला नाही, कोणासही विचारले नाही. गृहस्थांचे घर आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर!

गेले होते ते दुसरेच. त्याच नावाचे, त्याच आडनावाचे, परंतु दुसऱ्या शाखेचे आणि मूळचे याच गावचे. 'कोणाचे कोण' हे संदेशात लिहिलेले नव्हते. दुपारी बाराच्या सुमारास मिरजेहून एक मोटार येऊन त्या दारापाशी थांबली. तीतून त्यांची ब्याऐंशी वर्षांची बहीण उतरली. वाटेत तिने मोटारीत काही खाल्ले नव्हते, पाणीही घेतले नव्हते. आणि बंधुराज पडवीत उन्हाला बसून मटार सोलीत होते. त्यांनी मान वर करून विचारले, "अगं, तू अशी अचानक?"

संध्याकाळी आम्ही क्षमा मागावयास गेलो. त्या माउलीने आम्हांस एक शब्दही लागेल असा बोलला नाही. तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, "भाऊसाहेब, बाकीच्यांचं मी मनावर घेतलं नव्हतं हो. हल्ली काहीही येतं. तुमचं नाव दिसलं, म्हणून निघाले." आम्ही त्या घरातून कसे बाहेर पडलो ते आम्हांसच माहीत.

याच वर्षातील दुसरी गोष्टही सांगतो, कारण ती या गोष्टीची दुसरी बाजू आहे. जे खरोखर निवर्तले होते त्यांचा बालपणीचा मित्र आपल्याच गावात, तीन गल्ल्या पलीकडे राहतो. वय शहाऐंशी, दृष्टी अधू, घरात साधा टेलिफोन आणि मुलगा-सून नोकरीसाठी पुण्यास. गटात सर्व ज्ञातीने श्रद्धांजली वाहिली. या गृहस्थांस तेराव्या दिवसानंतर दुधवाल्याकडून कळले. पूर्वी मुखपत्र महिन्याने येई, हे खरे; परंतु मुखपत्राच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसत नसे. घरोघर सांगत जाणारा एक मनुष्य असे. आता सर्वांस कळले आहे असे सर्वांस वाटते, आणि म्हणून सांगावयास कोणीच जात नाही.

ठरावावर आमची सूचना अशी. कागदाचे आणि टपालाचे दर आम्हांसही दिसतात. मासिक चालविणे परवडत नसेल तर त्रैमासिक करा, पाने कमी करा, परंतु छापील अंक अजिबात बंद करू नका. ज्यांच्याकडे असला मोबाइल नाही अशा सभासदांची नावे, पत्ते आणि टेलिफोन आम्ही एका वहीत उतरून काढले आहेत. प्रत्येक नावापुढे एका तरुण सभासदाचे नाव हवे. महत्त्वाची वार्ता आली की त्याने त्या घरी जावे, निदान टेलिफोन करावा. आणि गटातील निधनवार्तेखाली, ती पाठविणाऱ्याने घरच्या कोणत्या माणसाशी स्वतः बोलणे झाले त्याचे नाव लिहावे. ज्यास ते नाव लिहिता येत नसेल त्याने थांबावे. हा नियम प्रथम आम्हांस लागू करावा, अशी आमची विनंती आहे. गेलेली व्यक्ती स्त्री असेल तर तिचे स्वतःचे नाव प्रथम लिहावे. आमच्या हातून राहिलेले तेवढे तरी नव्या माध्यमात भरून निघेल.

कोणी म्हणतील, इतका खटाटोप करीत बसल्यास वार्ता दोन तास उशिरा पोहोचेल. पोहोचू द्या. मिरजेची ती मोटार दोन तास उशिरा निघाली असती तर निघालीच नसती.

ती वही बाहेर चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. डाव्या बाजूस ज्येष्ठ सभासदांची नावे आहेत, उजवी बाजू कोरी आहे. पेनही दोऱ्याने बांधून ठेवले आहे. पहिल्या ओळीत तीन गल्ल्या पलीकडच्या त्या शहाऐंशी वर्षांच्या गृहस्थांच्या नावापुढे आम्ही आमचे नाव लिहिले आहे, आणि खालच्या ओळी तरुणांसाठी सोडल्या आहेत.